जखम मासा भरतो, पाणी तुम्ही सांभाळा

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: नदी-ओढ्यातून, तळ्यातून घरी आणलेला आणि जखमी असलेला मासा. म्हणून सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न : ताई, आमच्या मुलाने आटत चाललेल्या डबक्यातून एक मासा घरी आणला. बोटाएवढा, चंदेरी, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका. जाळीत अडकल्यामुळे त्याची एक बाजू सोलवटली आहे. खवले निघालेत, आत लाल दिसतं, शेपटीही फाटली आहे. हॉलमधल्या टँकमध्ये गोल्डफिशबरोबर सोडला आणि जखमेसाठी निळं औषध घातलं. मासा तेव्हापासून तळाशी कोपऱ्यात बसून आहे. दाणे टाकले तर बघतही नाही. आमचे गोल्डफिशही बुजल्यासारखे वागताहेत. औषध वाढवू का? त्याला खायला काय घालू? आणि ताई, तो वाचेल का? मुलगा सारखा विचारतोय.

उत्तर : औषध वाढवू नका. आहे तेही थांबवा. मासा आजच वेगळ्या भांड्यात काढा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

गोल्डफिश बुजण्याला कारण असू शकतं. कार्प कुळातल्या माशांच्या कातडीत काही खास पेशी असतात. कातडी फाटली की त्यांतलं रसायन पाण्यात उतरतं आणि आसपासचे मासे सावध होतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो नावाच्या लहान माशांवर हे दाखवलं. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे तेच हे फ्रिश. तुमचा मासा वर्णनावरून बार्ब जातीचा वाटतो, आणि बार्ब व गोल्डफिश एकाच कुळातले. त्याला लागलंय हे त्यांना पाण्यातूनच कळलं असेल. ही भीती लवकर ओसरते. ती ओसरली की गोल्डफिश उघड्या मांसाला तोंड लावायला लागतात, आणि तेव्हा हा बिचारा पळूही शकणार नाही. शिवाय बाहेरच्या पाण्यातला मासा अंगावर, कल्ल्यांत, पोटात काय घेऊन आलाय हे डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या गोल्डफिशसाठीही त्याला वेगळं ठेवायला हवं.

भांडं साधं चालेल. २० ते ४० लिटरचा टँक किंवा साबण कधीच न लागलेला प्लास्टिकचा टब घ्या. तळाला वाळू-खडे नकोत. सोलवटलेलं अंग त्यावर घासतं आणि घाण कुठे साचली तेही दिसत नाही. आत रुंद पाइपचा तुकडा आडवा टाका, म्हणजे लपायला जागा होईल. तीन बाजूंना बाहेरून कागद लावा. वर झाकण हवंच, हवा खेळेल असं. बाहेरून आलेला मासा पहिल्या रात्री उडी मारतो, आणि जखमेने न मेलेला मासा सकाळी जमिनीवर सापडतो. लाइट लावू नका. मुलाला सांगा, काचेवर टकटक करायची नाही आणि मित्रांना दाखवायला आणायचं नाही. हे मी शिस्तीसाठी सांगत नाही. घाबरलेल्या माशाच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि ते वाढलेलंच राहिलं की रोगाशी लढायची ताकद कमी होते. ओढ्यातल्या माशाने काच कधी पाहिलेली नसते, माणसाचा चेहरा इतक्या जवळून पाहिलेला नसतो. त्याला एकटं सोडणं हा उपचाराचाच भाग आहे.

मासा काढताना जाळी वापरू नका. वाडगा किंवा मग पाण्यात बुडवून हळूच त्याच्याखाली न्या आणि पाण्यासकट उचला. हाताने धरायची वेळ आलीच तर हात आधी ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याची पहिली ढाल असते. जंतूंचा नाश करणारी द्रव्यं त्यात असतात. कोरड्या हाताला तो थर पुसून येतो.

आता निळ्या औषधाबद्दल. ते बहुधा मिथिलीन ब्लू असावं. ते वाईट औषध नाही, बुरशीवर चालतं, पण ते वेगळ्या भांड्यात द्यायचं असतं. फिल्टरच्या स्पंजात जे उपयोगी जिवाणू राहतात त्यांनाही ते मारतं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये बदलतात. ते मेले की टँकमध्ये अमोनिया साचतो. तो कल्ले जाळतो आणि कातडीची जखम भरू देत नाही. म्हणजे तुमच्या हॉलमधल्या टँकलाही आता लक्ष लागणार आहे. तिथलं एक तृतीयांश पाणी आज बदला, फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (फिल्टरसाठी मिळणारा खास कोळसा) ठेवा, तो निळा रंग शोषून घेईल. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट आणा. दोन्ही शून्यावर येऊन टिकेपर्यंत रोज थोडं पाणी बदलत राहा. जिवाणूंची वस्ती नव्याने उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

वेगळ्या भांड्यात तर मुरलेला, म्हणजे हे जिवाणू वसलेला फिल्टर नाहीच. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टँकमधला स्पंज मिळाला तर उत्तम. नाही तर हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा आणि रोज चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदला. नवीन पाणी आतल्याच तापमानाचं हवं. थर्मामीटर घालून बघा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटीक्लोरीनने घालवा. पाणी दिवसभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतं, पण काही पाण्यांत क्लोरामीन असतं आणि ते असं उडत नाही. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे, तेही मोजा. पीएच ७ च्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा सोसतो, तेवढाच पीएच ८ च्या पाण्यात जवळजवळ दहापट विषारी ठरतो, कारण त्याचं घातक रूप तिथे तितक्या जास्त प्रमाणात असतं.

पाणी कोमट करायचा मोह होईल. करू नका. तापमान वाढलं की पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. माशाला मात्र उलट जास्त लागतो. जखमांवर वाढणारे काही जिवाणूही उबेत झपाट्याने पसरतात. ज्या पाण्यातून मासा आला त्याच्या जवळपासचं स्थिर तापमान ठेवा.

औषध म्हणून मी एकच गोष्ट सुचवते: साधं मीठ. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम क्षार असतात, बाहेरच्या पाण्यात अगदी नगण्य. त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरू पाहतं आणि क्षार बाहेर जाऊ पाहतात. धड कातडी हे बरंचसं अडवते. सोलवटलेल्या जागी अडवायला काही नाही, म्हणून जखमी माशाची बरीच शक्ती नुसता हा तोल सांभाळण्यात जाते. पाण्यात थोडं मीठ असलं की हा भार हलका होतो. नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायलाही मिठातलं क्लोराइड अडथळा करतं. सुरुवात लिटरमागे १ ग्रॅमने करा. मीठ मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून थोडं थोडं ओता. मासा शांत असेल तर दोन दिवसांत हळूहळू २ ग्रॅमपर्यंत न्या. पाणी उडून गेलं तरी मीठ उडत नाही, तेव्हा जेवढं पाणी उपसलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घाला. वजनकाट्यावर मोजा, चमच्याचा हिशेब मिठाच्या जाडी-बारकेपणाप्रमाणे बदलतो.

जखमेवर थेट काही लावू नका. लेप नको, पेरॉक्साइड नको, माणसांच्या मलमाचा तर विचारही नको. प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने घालू नका. कोणता जंतू आहे हे न कळता दिलेली प्रतिजैविकं बहुतेक वेळा वाया जातात आणि जंतूंना ती पचवायला शिकवतात.

मग जखम भरते कशी? मासाच भरतो. आपल्याला वाटतं खवले हे माशाचं सगळ्यात बाहेरचं आवरण, पण तसं नाही. खवले कातडीच्या आतल्या थरात रुजलेले असतात, कौलांसारखे एकावर एक, आणि त्यांच्यावरून एक पातळ जिवंत पापुद्रा पसरलेला असतो. म्हणून खवला निघाला की ती उघडी जखमच असते. पण त्या पापुद्र्याच्या पेशी कडांवरून लगेच आत सरकायला लागतात. उथळ जखमेवर दिवसाभरातसुद्धा पातळ पडदा धरतो. थंड पाण्यात वेळ जास्त लागतो. खालचं मांस आणि खवले मागाहून, कित्येक आठवड्यांत भरतात. नवा खवला जुन्यासारखाच दिसतो, पण त्याच्या मध्यभागी वाढीची वलयं नसतात. खवल्यांवरून माशाचं वय काढणारे अभ्यासक असे खवले म्हणूनच बाजूला काढतात.

रोज एकदाच, ठरलेल्या वेळी बघा. टॉर्च बाजूने, तिरपा धरा. तिरप्या उजेडात जखमेची कड नीट दिसते. कड गुळगुळीत, जरा चकचकीत आणि मधला लाल रंग रोज थोडा फिका होत असेल तर सगळं ठीक चाललंय. फाटलेल्या शेपटीच्या टोकाला काचेसारखी पारदर्शक, रंग नसलेली किनार दिसायला लागली की समजा पर पुन्हा वाढतोय. तो रंग नंतर भरतो. पराचं मूळच उखडलं असेल तर तेवढा भाग परत येत नाही, पण त्याशिवायही मासे चांगले जगतात.

काळजीच्या खुणा दोन, आणि त्यांत गल्लत होते. पांढरे, कापसासारखे तंतू जखमेतून बाहेर आलेत आणि पाण्यात हलतात, तर ती बुरशी, बहुतेक वेळा सॅप्रोलेग्निया. तेव्हा वेगळ्या भांड्यात मिथिलीन ब्लू पाकिटावरच्या प्रमाणात द्या. पण करडा-पांढरा, चपटा, चिकटून बसलेला डाग असेल, कड पिवळसर असेल, तोंडावर किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरत असेल, तर ती बुरशी नाही, तो कॉलमनॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग आहे. गरम पाण्यात तो एक-दोन दिवसांत मासा मारू शकतो. अशा वेळी पाणी हळूहळू थोडं गार करा, हवा वाढवा आणि त्याच दिवशी माशांचे आजार जाणणाऱ्या पशुवैद्याला गाठा.

खाण्याचं म्हणाल तर पहिले दोन-तीन दिवस काहीच देऊ नका. एवढा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. न खाल्लेला दाणा मात्र पाणी नासवतो. शिवाय दाणा हे खाणं आहे हेच त्याला माहीत नाही. ओढ्यात तो हलणारं टिपतो. डासांच्या अळ्या, डॅफ्निया नावाचे पाण्यातले बारीक जीव, फवारणी न झालेल्या मातीतलं गांडूळ बारीक करून, हे द्या. अंधार पडताना एखादीच अळी सोडा आणि बाजूला व्हा. तुम्ही समोर उभ्या असलात तर तो खाणार नाही. खायला लागला की अळ्यांबरोबर एखादा भिजवलेला दाणा टाकत जा. काही आठवड्यांत शिकतो.

वाचेल का, हे मुलाला खरं सांगा. जखम उथळ असेल, कल्ल्यांची उघडझाप नियमित असेल, मासा सरळ उभा राहत असेल, तर आशा चांगली आहे. कडेला कलंडत असेल, श्वास धापा टाकल्यासारखा असेल, तर कमी आहे. माझ्याकडे एक बार्ब आहे, बगळ्याच्या चोचीतून सुटलेला. त्याचा एक डोळा गेला. सुरुवातीला त्याला चिमट्यात धरलेली अळी दिसायचीच नाही, आंधळ्या बाजूने दिली तर तो नुसता दचकायचा. हळूहळू तो खाताना अंग तिरपं करायला शिकला, म्हणजे धड डोळा वर येतो. आता चिमटा पाण्याला लागायच्या आत तो तसा कलतो. बाकी माशांपेक्षा सावकाश खातो, पण खातो, आणि अंगाने चांगला भरला आहे.

प्रश्न : मावशी, मी नववीत आहे. आम्ही गळाने मासे धरतो. परवा एका छोट्या माशाच्या ओठात गळ अडकला, मी ओढून काढला तर ओठ फाटला. तो आता माझ्याकडे टबमध्ये आहे. सगळे म्हणतात माशांना दुखत नाही. खरं आहे का?

उत्तर : तू विचारलंस हे फार बरं केलंस. दुखत नाही असं आता म्हणता येत नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारी चेता-टोकं असल्याचं दाखवलं. ओठाला आम्लाची टोचणी दिली तर मासे ओठ खड्यांवर घासत होते, श्वास वाढला होता आणि खाणं बराच वेळ टाळत होते. मॉर्फीन दिल्यावर हे वागणं कमी झालं. माशाला आतून नेमकं काय वाटतं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मी स्वतः दुखतं असंच धरून चालते, आणि तूही तसंच धर.

फाटलेला ओठ बहुतेक वेळा भरतो, कारण तिथे रक्तपुरवठा चांगला असतो. वर जे वेगळ्या भांड्याचं आणि मिठाचं लिहिलंय तेच कर. खाणं मऊ आणि बारीक दे. जबडा वाकडा झाला असेल आणि तोंड मिटत नसेल तर मात्र त्याला खाता येणार नाही, तेव्हा मोठ्या माणसाला बरोबर घेऊन पशुवैद्याकडे ने.

पुढच्या वेळी गळ ओढू नकोस. मासा ओल्या फडक्यात धर, शक्यतो पाण्याखालीच. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो तो पक्कडीने दाबून सपाट कर किंवा कापून टाक, मग गळ आला त्याच वाटेने मागे सरकतो. गळ टाकायच्या आधीच तो काटा दाबून ठेवलास तर आणखी चांगलं. गळ घशात उतरला असेल तर काढायचा प्रयत्नच करायचा नाही. दोरी तोंडाजवळ कापायची. आतलं काही फाडण्यापेक्षा गळ आत राहिलेला बरा, आणि पुष्कळ मासे तो पुढे टाकून देतात.

प्रश्न : नमस्कार. तळ्यातून आणलेली एक मरळ माझ्या मोठ्या टँकमध्ये आहे. अंगावर गोल, खोल, लालभडक जखमा आहेत, मधे मांस दिसतं. पक्ष्याने टोचलं असावं. मिठाने फरक नाही. काय करू?

उत्तर : तुमचं वर्णन वाचून मला ही इजा वाटत नाही. पक्ष्याने धरलं तर खुणा दोन्ही बाजूंना समोरासमोर येतात, लांबट ओरखडे असतात आणि खवले एका दिशेने उपटलेले दिसतात. कासवाने तोडलं तर तुकडाच जातो. गोल, लाल, अंगभर विखुरलेले आणि खोल जाणारे व्रण हे रोगाचं लक्षण आहे. मरळ आणि बार्ब यांना ज्याची लागण सहज होते असा एक रोग आहे: अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स या बुरशीसदृश जीवामुळे होणारा व्रणांचा साथरोग. तो १९७१ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला, पुढे ऑस्ट्रेलियात आणि आशियाभर पसरला. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या नोंदवण्याजोग्या रोगांच्या यादीत तो आहे. पाणी थंड होतं तेव्हा त्याच्या साथी येतात, कारण थंडाव्यात माशाची प्रतिकारशक्ती मंदावते.

नुसतं बघून नक्की सांगता येत नाही. त्यासाठी व्रणाच्या कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. मत्स्यरोगांचं काम करणाऱ्या प्रयोगशाळेला किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाला विचारा. तोवर त्या टँकचं पाणी ओढ्यात, तळ्यात, शेताच्या पाटात सोडायचं नाही. जाळी, सायफन, बादली त्या टँकची वेगळी. वापर झाला की ब्लीचच्या पाण्यात बुडवायची, धुवायची आणि कडक उन्हात पूर्ण वाळवायची.

मरळीबद्दल आणखी एक, कारण पुष्कळांना माहीत नसतं. ती वर येऊन हवा घेते आणि तिला त्यावाचून चालत नाही. टँक काठोकाठ भरून वर घट्ट झाकण ठेवलं तर ती पाण्यात गुदमरून मरते. पाण्यावर हाताच्या रुंदीएवढी मोकळी जागा ठेवा, आणि झाकणावर वजन ठेवा. मोठी मरळ झाकण उचलते.

प्रश्न : आमचा ओढ्यातला मासा बरा झाला. दोन महिने घरच्या टँकमध्ये बाकीच्या माशांबरोबर होता. आता त्याला परत सोडावंसं वाटतं. चालेल ना?

उत्तर : नाही. तुमची भावना मला कळते, आणि नकार देताना वाईट वाटतं, पण सोडू नका.

तुमच्या टँकमधले बाकीचे मासे कुठे वाढले, कोणत्या पाण्यातून आले याचा पत्ता नाही. त्यांच्या अंगावरचे जीव त्यांना सोसतात, ओढ्यातल्या माशांना सोसतीलच असं नाही. गायरोडॅक्टिलस सालारिस हा अर्धा मिलिमीटर लांबीचा परजीवी १९७० च्या दशकात बाल्टिक भागातल्या माशांबरोबर नॉर्वेत गेला. बाल्टिकमधल्या सामन माशांना तो फारसा त्रास देत नव्हता. नॉर्वेच्या नद्यांतल्या सामनची पिल्लं मात्र त्याने जवळजवळ संपवली, आणि एकेक नदी त्यातून सोडवायला तिथे काही दशकं गेली. मासे तिकडे नेणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

परत सोडायचं असेल तर ते पहिल्या दिवशीच ठरवावं लागतं. खरचटलेला मासा बादलीत, त्याच्याच ओढ्याच्या पाण्यात, दुसऱ्या कुठल्या माशाचा किंवा जाळीचा स्पर्श न होता काही तास ठेवला, सावरला की जिथून घेतला तिथेच सोडला, हे ठीक आहे. बहुतेक किरकोळ जखमांना तेवढंच पुरेसं असतं. घरी आणण्यापेक्षा मी नेहमी तेच सुचवते. काही जाती धरणं किंवा बाळगणं कायद्याने मना असतं, तेही आधी विचारून घ्या.

तुमचा मासा आता तुमचा आहे. तो थव्याने राहणाऱ्या जातीचा असेल तर एकटा ठेवू नका. त्याच्या जातीचे किंवा जवळच्या जातीचे, पैदाशीतून आलेले चार-पाच सोबती द्या. नवे मासे टँकमध्ये सोडण्याआधी निदान चार आठवडे वेगळे ठेवा.

प्रश्न : ताई, सगळं करूनही माझा मासा फुगला आहे, खवले उभे राहिलेत, आठवडाभर कलंडून पडलाय. बघवत नाही. फ्रीजरमध्ये ठेवला तर शांतपणे जातो असं कुणी सांगितलं.

उत्तर : फ्रीजरमध्ये ठेवू नका, ते शांत नसतं. खवले पाइनच्या शंकूसारखे ताठ उभे राहिलेला, कलंडलेला मासा सहसा परत येत नाही, आणि त्याला सोडवायचा तुमचा विचार दयाळूपणाचाच आहे. शक्य असेल तर पशुवैद्याकडून करवून घ्या. ते जमत नसेल तर लवंगेचं तेल वापरतात. लिटरभर पाण्याला सुमारे अर्धा मिलिलिटर तेल, आधी छोट्या बाटलीत थोड्या कोमट पाण्यात जोरात हलवून दुधाळ करायचं, मग माशाच्याच टँकच्या पाण्यात मिसळायचं आणि त्यात मासा ठेवायचा. तो आधी गुंगतो, मग कल्ल्यांची हालचाल थांबते. थांबल्यावर लगेच बाहेर काढू नका, आणखी निदान अर्धा तास राहू द्या, कारण गुंगीतून मासे परत शुद्धीवर येतात. नंतर मातीत पुरा. संडासात किंवा ओढ्यात टाकू नका.

प्रश्न : जखमी माशाचा टब साफ करताना माझ्या बोटाला काप होता. आता तिथे लालसर गाठ आलीय, दुखत नाही पण जातही नाही. माशामुळे असेल का?

उत्तर : असू शकतं, म्हणून डॉक्टरांकडे जाच. मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा क्षयरोगाच्या जंतूचा एक नातेवाईक टँकच्या पाण्यात असू शकतो. १९२६ मध्ये अ‍ॅरोनसन यांनी तो फिलाडेल्फियातल्या मत्स्यालयातल्या माशांत ओळखला. कापातून तो हाताच्या कातडीत शिरतो आणि गाठ काही आठवड्यांनी उठते, तोवर माशाचा टब कुणाला आठवतही नाही. साध्या मलमाने ती जात नाही. योग्य गोळ्यांनी बरी होते, पण त्या बरेच महिने घ्याव्या लागतात. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही मासे पाळता आणि काप असताना त्या पाण्यात हात घातला होता. हे सांगितलं नाही तर त्या दिशेने तपासणी होत नाही. तोवर टबचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला करू द्या, त्यांना लांब रबरी हातमोजे द्या, आणि पाणी ओढायला सायफन तोंडाने सुरू करू देऊ नका.